कापसाचं बसकर

मी बत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, आणि शाळेनं दिलेल्या खुर्चीवर बसले असेन ती फक्त तपासणीच्या दिवशी. एरवी मुलांमध्ये सतरंजीवर, नाहीतर उभी. बरोबरच्या शिक्षिका म्हणायच्या, बाईंचं राहणं किती साधं! एका आगाऊ पोरानं तर बाईंना गळू झालंय अशी बातमी गावभर करून टाकली होती. मी दोन्ही ऐकून घेतलं, कारण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. आता लाज वाटायचंही वय उलटून गेलं, तेव्हा सांगून टाकते.

आमचं गाव तापीच्या काठचं, शहाद्याच्या बाजूचं. दुसऱ्या लढाईच्या आधीचा काळ. नंदुरबार हा तेव्हा जिल्हा नव्हता, पश्चिम खानदेशातला एक तालुका होता. गावाला शाळा होती, पण शाळेला घर नव्हतं. वेशीजवळ माझ्या वडिलांची कापसाची वखार होती, तिचा पुढचा अर्धा भाग त्यांनी शाळेला वापरायला दिला होता. त्याचा त्यांना गावात मान होता आणि तो मान ते रोज सकाळी ओट्यावर दात घासता घासता येणाऱ्याजाणाऱ्याकडून पुरेपूर घेत.

सरकारनं आम्हाला एक मास्तर, एक खुर्ची, एक फळा आणि कोपऱ्यात फाटलेला एक नकाशा एवढं दिलं होतं. बसायला काही नाही. ज्यानं त्यानं आपलं बसकर घरून आणायचं, संध्याकाळी काखेत मारून परत न्यायचं. त्यामुळे कोण कुठल्या घरचं हे विचारावं लागत नसे. तेल्याच्या मुलाचं बारदान तेलानं काळं पडलेलं, त्याच्या शेजारी बसलं की दुपारपर्यंत भूक लागायची. वाण्याच्या मुलाच्या पोत्यावर निळी अक्षरं छापलेली, तो ती लपवायला पोतं उलटं अंथरायचा आणि मग आम्ही ते मुद्दाम सुलटं करायचो. सोनाराचा मुलगा पाट आणायचा. त्या पाटाचा एक पाय आखूड होता आणि तो पाढे म्हणताना डुलायचा, म्हणजे सगळ्या वर्गाला ताल मिळायचा. माझं बसकर आईनं शिवलेलं, गोधडीचा चौकोन, कडेला तांबडी पट्टी. मला त्याचा फार गर्व होता. आम्ही शाळेत मुली चारच होतो आणि बाकी दोघींकडे नुसती गोणपाटं होती.

दोघींकडे म्हटलं, कारण चौथीकडे काहीच नव्हतं. ती बाहेर बसायची.

वखारीला दोन दगडी पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर ती बसे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मुलं शाळेत आली तर तिथंच बसायची, ही रीत होती. आधी तिच्याबरोबर दोन मुलगे येत, ते गुरं वळायला गेले आणि ती एकटी उरली. सगळ्या मुलांना एकत्र बसवा असा सरकारचा हुकूम होता म्हणे. तो कुठल्याशा कपाटात असावा. आमच्या पायरीपर्यंत तो काही आला नव्हता. गणित झालं की ती पाटी दोन्ही हातांनी उभी धरायची आणि मास्तर दारातूनच वाचून मान हलवायचे. तिची गणितं बहुतेक बरोबर असत. माझी नसत, म्हणून मी दाराशी बसायचे आणि तिच्या पाटीकडे डोळे लावायचे. आमची मैत्री अशी चोरीनंच सुरू झाली. ती ओळखून होती. मला दिसेल अशी पाटी कलती धरायची.

तिचा बाप पहिल्या लढाईत बसऱ्याकडे जाऊन आला होता. तिकडून त्यानं एक पत्र्याची पेटी आणि एक ठाम मत आणलं होतं. ते मत तो भेटेल त्याला ऐकवी. "जो वाचस तो खुर्चीवर बठस. मन्ही आंडेरबी बठी." आपली आंडेर, म्हणजे मुलगीही, एक दिवस बसेल असं त्याला म्हणायचं होतं. त्यानं तिकडे पाहिलं होतं, ज्याला वाचता येई तो खुर्चीत बसून नावं पुकारी आणि बाकीचे उन्हात रांगेत उभे राहत. त्याला ही एकच मुलगी होती. लोक त्याला हसत. पायरीवर तर धड बसू देत नाहीत आणि हा म्हणे खुर्ची! माझे काकाही हसत. मीही हसले असेन.

मास्तर देशावरचे. बारीक, दमेकरी, आमच्या अहिराणीला हळूच हसणारे, पण मनाचे मऊ. बसण्याच्या बाबतीत त्यांनी आम्हाला मोकळीक दिली होती. मांडी घाला, उकिडवे बसा, पालथे पडून लिहा, खांबाला टेका, त्यांचं काही म्हणणं नसे. "डोकं सरळ असलं की पुरे," म्हणायचे. पावसाळ्यात छप्पर गळून जमीन ओली झाली की आम्ही वखारीत सोडलेल्या बैलगाडीवर चढून बसायचो, पहिली मागे साट्यावर, दुसरी पुढे जुवाकडे. उन्हाळ्यात बाहेर लिंबाखाली. खुर्ची तपासणीच्या साहेबासाठी राखलेली, एरवी कायम भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मास्तर स्वतः एका पालथ्या टोपलीवर बसत. सगळी सूट पोटभर होती, फक्त तिच्यासाठी पायरी ती पायरीच. तिथं मऊ मनाचे मास्तरही काही करू शकत नव्हते, किंवा करत नव्हते. त्यांचं जेवण आमच्या घरून जायचं.

आणि मग दिवाळीनंतर कापूस यायचा.

वेचणी सुरू झाली की गाड्यांमागून गाड्या वखारीत रित्या होत. आठ दिवसांत मागची अर्धी वखार भरे आणि कापूस शाळेच्या भागात उतरे. फळा वर टांगावा लागे, खुर्ची बाहेर जाई आणि शाळा कापसावर चढे. मांडीपर्यंत रुतून आम्ही बसायचो. थंडीत अंगाला ऊब. केसांत सुकल्या पानांचा चुरा, पाटीवर तंतू, आणि पाढे कितीही ओरडून म्हटले तरी आवाज तिथंच विरून जायचा. मास्तरांना खोकला अनावर व्हायचा, तरी ते वडिलांना काही बोलत नसत. वडिलांना मात्र शाळा त्या दिवसांत फार आवडायची. कापूस तुडवला की दबतो आणि वखारीत जास्त मावतो. चाळीस पोरं रोज सहा तास फुकट तुडवत होती. जितके पाय तितके बरे. म्हणून कापसाच्या दिवसांत पायरीवरच्या मुलांनाही आत हाक यायची.

मी लहान होते, मला हे कोडं सुटत नव्हतं. आईला विचारलं. ती चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, "कापूसले इटाय लागस नही." आणि खरंच होतं तिचं. कापूस वेचायचा त्या वस्तीतल्या बायकांनी, भिलाटीतल्या बायकांनी. गाठोडी त्यांच्या डोक्यावरून यायची. विटाळ धरायचा म्हटला तर वखारीला टाळंच लावावं लागलं असतं. तेव्हा कापूस या भानगडीतून मोकळा. ज्यांच्या सोयीची गोष्ट, त्यांनीच केलेला कायदा. पण मला तेव्हा तो देवानं केलेला वाटला.

अशी ती वर्षाचे तीन महिने माझ्या शेजारी बसायची. खांद्याला खांदा लावून. पहिल्या दिवशी तिनं बसल्या जागचा मूठभर कापूस उचलला, बोटांनी फाकवला, सरकी चाचपली आणि म्हणाली, "हाऊ नालावरना वावरना. मन्ही मायनी येचेल शे." मला वाटलं थापा मारते. मग तिनं दुसरीकडून मूठ घेऊन तेही वावर सांगितलं. आमचीच वावरं, आणि मला एकाचाही कापूस ओळखता येत नव्हता. त्या तीन महिन्यांत ती मला भागाकार शिकवायची. सरक्या काढून, त्यांचे ढीग लावून. मास्तरांनी वर्षभर जे सांगितलं ते मला त्या सरक्यांतून कळलं. मला जे काही गणित येतं ते तिचं आहे.

शिवरात्रीच्या आसपास गाड्या भरून, सरकी काढायला, नंदुरबारच्या जीनकडे निघायच्या. ढीग रोज थोडा उतरायचा. आम्ही वरून खाली येत येत एक दिवस जमिनीला टेकायचो. मग बायका येऊन वखार शेणानं सारवायच्या आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा पायरीवर. त्या वर्षी मी चौथीत होते. दहा वर्षांची. त्या वर्षी मला ते सहन होईना.

माझा विचार सरळ होता. कापसाला विटाळ लागत नाही. ती कापसावर बसली की आत चालते. तर मग ती बाराही महिने कापसावरच बसू दे.

ढीग उतरत होता तेव्हा मी रोज ओच्यात दोनतीन मुठी कापूस घरी नेला. आमचाच कापूस, त्यामुळे चोरी हा शब्द माझ्या मनातसुद्धा आला नाही. आईचं एक जुनं लुगडं होतं, हिरवं, त्याचा मी मधूनच चौकोन कापला. गोण शिवायच्या दाभणानं शिवला. बोटातून दोनदा रक्त आलं, एका कोपऱ्यात त्याचा डागही पडला. आत सरकीसकट कापूस, त्यामुळे बसकर गाठाळ झालं. पण माझ्या मते ते राणीलाही शोभलं असतं.

नाल्याच्या वाटेवर मी ते तिला दिलं. तिनं हात लावला नाही आधी. मी म्हटलं, "आते तू मधमा बठ."

"तठे नको," ती म्हणाली. "मास्तर रागवतीन."

"तू कापूसवर बठसी. कापूसले इटाय लागस नही." मी आईच्याच आवाजात सांगितलं.

ती हुशार होती. मला आज वाटतं, तिला त्या वेळीच कळलं असणार की हे चालायचं नाही. पण मी फार आनंदात होते आणि तिला माझं मन मोडवेना. की तिलाही एकदा वाटलं असेल, बघावं? हे मला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोन पायऱ्या चढली आणि आत आली. माझ्या तांबड्या पट्टीच्या बसकराला लागून तिनं हिरवं बसकर ठेवलं आणि बसली. सोनाराच्या मुलाचा पाट डुलायचा थांबला. मास्तरांनी पाहिलं. हातात खडू होता. ते फळ्याकडे वळले आणि तारीख लिहू लागले. त्यांनी काही म्हटलं नाही! मला इतका हर्ष झाला की मी तिचा हात धरला. तो गार पडला होता.

मधल्या सुटीपर्यंत ती आत होती. माझ्या आयुष्यात मी काही चांगलं केलं असेल तर ते एवढंच, आणि ते इतकाच वेळ टिकलं.

सुटी होण्याआधी माझे काका गाडीचा नाडा शोधायला वखारीत आले. ते आत येताच आम्ही सगळे उठून उभे राहिलो, तीही उभी राहिली. काकांची नजर तिच्यावर, मग खाली बसकरावर. हातातल्या काठीनं त्यांनी ते उचललं. माझी शिवण कच्ची. एक बाजू उसवली आणि कापूस जमिनीवर पडला. नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर तो फार पांढरा दिसला.

"हाऊ आमना कापूस शे," काका म्हणाले. "कोठेन आना?"

आत का बसलीस, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारावं लागलं नाही. चोरी सापडल्यावर बाकी सगळं आपोआप मिटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत सांग म्हणून नव्हतं, सांगू नको म्हणूनही नव्हतं. ती पाटी कलती धरायची, उत्तर दिसेल अशी, आणि मी लिहिते का याची वाट बघायची, तसंच ती बघत होती. मी खाली माझ्या पाटीकडे बघितलं.

मास्तरांनी विचारलं, "हे बसकर कुणी शिवलं, कुणाला ठाऊक आहे का?" सगळ्या वर्गाला विचारलं, पण उभे माझ्यापुढे होते. त्यांना ठाऊक होतं. माझ्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं आणि मी गेले नाही.

का गेले नाही? वडील महिनाभर घरात म्हणत होते की मुलीला चौथी पुष्कळ झाली, काही तक्रार आली तर तिथंच शाळा बंद. मास्तर त्यांना गळ घालत होते की हिला पुढे शिकवा. माझं पुढचं शिक्षण एका केसावर लोंबत होतं. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं, मी भ्याले होते पण गोंधळले नव्हते. दहा वर्षांच्या मुलीला एवढा हिशेब जमला, आणि तोही तिनंच शिकवलेल्या डोक्यानं. मी माझी जागा राखली.

ती काही बोलली नाही. 'हिनं दिलं' हे दोन शब्द तिला येत नव्हते असं नाही.

दुपारी तिचा बाप आला. पायऱ्यांच्या खाली उभा राहिला, डोक्याचं फडकं काढून हातात धरलं. "लहान शे ती, आबा. चुकी गई," एवढंच म्हणाला. लढाईवर जाऊन आलेला माणूस. काकांनी चांगुलपणा दाखवला, पाटलापर्यंत नेत नाही म्हणाले, फक्त उद्यापासून शाळेत नको. बापानं मान हलवली. पोरीची पाटी काखेत घेतली आणि तो चालू लागला, ती मागून. वाटेत त्यानं तिला मारलं नाही की ओरडला नाही. मी लिंबापर्यंत धावत गेले आणि तिथं थांबले. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली आमची खुर्ची त्याला पायरीवरून दिसली असेल का, हे मला म्हातारपणी सुचलं आणि ती रात्र मी रडून काढली.

आईला लुगडं सापडलं. मधोमध चौकोनी भोक. ती माझ्यापुढे ते पसरून बसली, भोकातून तिची मांडी दिसत होती. मी रडायला लागले, सांगायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "आते चूप बठ." मग दुसऱ्या एका चिंधीचं ठिगळ लावून तिनं ते भोक शिवून टाकलं. ते लुगडं ती पुढे कितीतरी वर्षं नेसली. ठिगळ मला रोज दिसायचं, आणि आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

मला वडिलांनी पुढे शिकवलं. मास्तरांनी गळ घातली, आणि तक्रार काही आलेली नव्हती. पाचवीचा वर्ग त्याच वखारीत.

पुन्हा दिवाळी गेली, पुन्हा कापूस आला, आणि आम्ही ढिगावर चढलो. एका सकाळी मास्तर भागाकार घालत होते. त्या वर्षी उशिरा येणारी गाठोडी बायका थेट शाळेच्या बाजूनं आणून रिती करत. दारात उजेड अडला म्हणून मी वर पाहिलं. ती होती. डोक्यावर तिच्याहून मोठं गाठोडं, मागे तिची माय. वर्षात ती उंच झाली होती, हातांवर बोंडांचे ओरखडे. दोन पायऱ्या चढून ती आत आली आणि तिला कुणी अडवलं नाही. गाठोडं होतं ना डोक्यावर.

मास्तर खोकत म्हणाले, "सरका रे, जागा करा."

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. वर्षभर मी जे बोलायचं ठरवत होते ते सगळं ओठापर्यंत आलं. आताही चाललं असतं. मास्तर होते, वर्ग होता, ती होती. मी दिलं होतं, एवढंच म्हणायचं होतं.

"जरा सरका, बाई," ती म्हणाली.

मी सरकले. मी बसले होते तिथं तिनं गाठोडं सोडलं, कापूस हातांनी नीट पसरला, फडकं झटकून घडी केलं. जाताना तिची नजर माझ्या पाटीवर गेली. मी उदाहरण चुकवलं होतं. तिनं ते पाहिलं हे मला दिसलं. मग ती मायच्या मागून पायऱ्या उतरून गेली.

मास्तर म्हणाले, "बसा."

मी बसले, तिच्या कापसावर. तो उन्हातून आलेला, अजून गरम होता. कुठल्या वावरातला ते मला सांगता आलं नसतं. मी पाटी पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून भागाकार करायला लागले.